नाशिकची तीस वर्षांची वाढ : मे महिन्याच्या चित्रांवर जाऊ नका

समजा, मे १९९१ आणि मे २०२१ ची लँडसॅट उपग्रहांची चित्रं घेऊन तुम्ही नाशिकच्या जमीनवापराचा नकाशा काढलात, आणि शहराच्या कडेच्या मखमलाबाद-आडगावचा निम्मा शिवार, शेती असूनही, 'बांधकाम' म्हणून लाल आला. माझ्या पहिल्या नकाशातही हेच झालं होतं, आणि तो मी दोघातिघांना कौतुकाने दाखवूनही बसलो होतो!

ढग नसतात म्हणून आपण मे निवडतो. पण तेव्हा नांगरून पडलेलं रान, उघडा मुरूम आणि सिमेंटची गच्ची उपग्रहाला जवळपास सारखीच दिसतात. त्यात आपली द्राक्षं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत काही दिवस नुसत्या काड्या आणि मांडव उरतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की जानेवारीत तीच बाग हिरवीगार. म्हणून प्रत्येक वर्षाची दोन चित्रं घ्या, एक जानेवारीचं, एक मेचं. एकात हिरवं आणि दुसऱ्यात उघडं, ते शेत. कोरडवाहू रान जानेवारीतही उघडंच असतं, त्यासाठी पाऊस सरल्यावरचं ऑक्टोबरचं तिसरं चित्र लागेल. तिन्हींत उघडं तेच बांधकाम धरा. प्लास्टिक टाकलेल्या बागा तरीही फसवतात. त्या गूगल अर्थवर डोळ्यांनी तपासायच्या.

२०२१ साठी सेंटिनल-२ या नव्या उपग्रहाच्या चित्रांचा मोह टाळा. त्याचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, १० मीटरचा, जुन्या लँडसॅटचा ३०. बारीक वस्ती नव्या चित्रात जास्त उमटते आणि वाढ फुगते. लँडसॅट ७ च्या चित्रांत मे २००३ अखेरपासून रिकामे पट्टे आहेत, तीही नकोत.

जुने टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचे छापील नकाशे, जोडणार असाल तर तयारी ठेवा : शीटची हद्द असलेला २० अंश अक्षांश शहरातूनच जातो, त्यामुळे रामकुंड एका शीटवर आणि नाशिकरोड दुसऱ्यावर. सातपूरसाठी आणखी एक.

लोकसंख्येची तुलना १९९१ पासूनच करा. महापालिका १९८२ ची. त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर वेगवेगळे मोजले जात. १९९१ ला ६.५७ लाख, २००१ ला १०.७७, २०११ ला १४.८६.

वाहतूक मात्र उपग्रहातून काढू नका. लोकांनी मिळून भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशाचाही आधार घेऊ नका. तो प्रकल्पच २००४ चा, रस्ता त्यात कधी चढला यावरून तो कधी झाला हे कळत नाही. रस्त्यांची वर्षं चित्रांवरून लावा, वाहनांसाठी प्रत्यक्ष मोजणीच लागते. शहरातल्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल झाल्यावर थेट जाणारी वाहनं वरून गेली. नंतरची मोजणी फक्त खालची असेल तर वर्दळ घटल्यासारखी दिसेल. आणि २०१५ ची मोजणी हाती आली तर आधी तारीख बघा. सिंहस्थाच्या पर्वणीची असेल तर बाजूला ठेवा.