वाढदिवस आश्रमात करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहाची, मुलगा चौदाचा. मागितलेलं बहुतेक सगळं मिळतं, तरी कुरकुर संपत नाही. ताटात टाकतात, कामाला येणाऱ्या मावशींशी तुटक बोलतात. म्हणून लेकीचा वाढदिवस यंदा अनाथाश्रमात करावा, म्हणजे आपल्याला किती मिळालंय ते तिला कळेल, असं तुम्हाला वाटतंय. पहिलं उत्तर याचंच देते. करू नका.

केक तुमच्या मुलीचा आणि टाळ्या त्या मुलांनी वाजवायच्या. असे वाढदिवस त्यांच्या वाट्याला येतच असतात. पाहुणे आले की रांगेत बसायचं, गाणं म्हणायचं, आभार मानायचे. तुमच्या लेकीला त्यातून एवढंच कळतं की आपण देणारे आणि समोरचे घेणारे. 'बघ, त्यांना काहीच मिळत नाही' या वाक्याने मूल क्षणभर गप्प होतं आणि गाडीत बसल्यावर पुन्हा फोन मागतं. फोटोंचा विचार असेल तर तोही सोडा. अशा संस्थांतल्या मुलांची ओळख उघड होईल असे फोटो पसरवायला बाल न्याय कायद्याच्या (2015) कलम 74 नुसार बंदी आहे. कैद किंवा दंड होऊ शकतो. द्यायचंच असेल तर संस्थेला फोन करून काय कमी आहे ते विचारा आणि सामान ऑफिसात पोचवून या. गोडाचं जेवण 15 ऑगस्टला आणि दिवाळीत भरपूर येतं. साबण, वह्या, अंतर्वस्त्रं यांची आठवण फारशी कुणाला होत नाही.

माझ्या मते मुलांना दुसऱ्याची गरिबी दाखवण्यापेक्षा, आपण स्वतः रोज कुणाच्या कष्टावर जगतो ते कळू देणं जास्त उपयोगाचं. ते बघायला लांब जावं लागत नाही. तुम्ही पुण्यातच आहात, तर कचऱ्यापासून सुरुवात करा. आपल्याकडे दारोदार कचरा घ्यायला येतात त्यातल्या बहुतेक बायका 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. ही संस्था उभी राहिली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून. ती पंचायत 1993 पासूनची, कचरावेचकांची स्वतःची संघटना. आपण एकत्र टाकलेलं त्या हाताने वेगळं करतात. सुका कचरा विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग असतो, म्हणजे खरकटं लागून भिजलेल्या पुठ्ठ्याने त्यांचंच नुकसान होतं. हे मुलांना सांगा, पण एकदाच. मग काम द्या. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या. डायपर, पॅड कागदात गुंडाळून त्यावर ओळखू यावं म्हणून लाल ठिपका काढायचा. सोसायटीत आजी-आजोबा एकटे राहत असतील तर त्यांचा कचऱ्याचा डबा खाली आणून द्यायचा. आणि ताईंचं नाव माहीत हवं, 'कचरेवाली आली' अशी हाक घरात चालणार नाही. आमच्या धाकट्याने हे काम पाचवीपासून केलं. एकदा फुटलेला बल्ब त्याने कुणी न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वर ठळक अक्षरांत 'काच' लिहिलं. मला त्या एका शब्दात पुष्कळ मिळालं.

दुसरं म्हणजे वारी. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत निम्मं शहर सेवेला उतरतं. पण बघा, केळी आणि बिस्किटांचे पुडे इतके वाटले जातात की माणसं नको म्हणतात. चालून आलेल्या माणसाला खरं तर हवं असतं ते पायाला तेल, फोडांना मलम, तुटलेल्या चपलेला टाका, फोन चार्ज करायला जागा आणि अंघोळीची सोय. आम्ही ओळखीच्या एका दिंडीसाठी घराची न्हाणी उघडी ठेवतो. मुलांचं काम बादल्या भरणं आणि ओल्या फरशीवर पोतं टाकणं. इथे एक गोष्ट घडते जी आश्रमातल्या केकने कधीच घडणार नाही. सत्तरीची आजी निघताना 'माउली' म्हणून तुमच्या दहा वर्षांच्या मुलीच्या पाया पडते. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. मूल गोंधळतं, आईकडे बघतं, मग वाकून आजीच्या पायाला हात लावतं. देणारा वर आणि घेणारा खाली ही मांडणी तिथे टिकतच नाही. घरी आल्यावर त्यावर प्रवचन देऊ नका, प्लीज. प्रश्न आलाच तर उत्तर द्या.

सगळ्यात चांगलं काम मात्र दुसऱ्या टप्प्याचं. एक पालखी दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोरकडे निघून गेली की रस्त्यावर द्रोण, पत्रावळी, कागदी कप यांचा खच उरतो. तो उचलायला माणसं कमी असतात, कारण तिथे ना गर्दी, ना फोटो. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू घेत, कीर्तन रात्री. फुकटची भाकरी त्यांना चालत नसे. मुलांना ही गोष्ट हातात झाडू असतानाच सांगावी, सोफ्यावर बसून सांगितली तर ती शाळेच्या पाठासारखी वाटते.

बाकी पर्याय आहेत: विसर्जनाला निर्माल्य गोळा करणं, वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवणं. यात नेम महत्त्वाचा. आजोबा वाट बघत बसतात आणि आपण परीक्षेचं निमित्त काढून महिना महिना जात नाही, हे वाईट. जमणार नसेल तर सुरूच करू नका.

चौदा वर्षांचा यायला नाही म्हणतोय त्याबद्दल. ओढून नेऊ नका, बक्षीस लावू नका आणि शाळेच्या प्रमाणपत्राशी तर जोडूच नका. त्याला सेवा नको असेल, जबाबदारी कदाचित चालेल. पालखीनंतरच्या सफाईचा हिशोब त्याच्याकडे सोपवा: किती गोण्या, किती हातमोजे, भरलेल्या गोण्या कुठे ठेवायच्या हे क्षेत्रीय कार्यालयात विचारून यायचं. मित्रांना बोलवायचं का, ते त्याने ठरवावं. तुम्ही दोघांनी त्या दिवशी त्याच्या हाताखाली काम करायचं. कॉलेजात गेल्यावर वाटलं तर मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीला जाऊ दे. पण ते पुढचं. यंदा पालखीच्या तारखा बघा आणि गोण्या जरा आधीच आणून ठेवा, आयत्या वेळी मंडईत भाव चढतो.