मार्ग नंतर ठरवा, आधी लायसन्सवरची तारीख बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. अमेरिकेच्या पन्नासपैकी ३४ राज्यं झाली, आता साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटाना आणि नॉर्थ डकोटा सप्टेंबरात एका फेरीत करायची, तर विमान साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचं घ्यावं की मोंटानातल्या बिलिंग्जचं, असा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता नोकरीच्या व्हिसाबद्दल आणि ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल एक वाक्य: 'एच-१बीचं एक्स्टेन्शन फाइल झालंय, लायसन्स ऑगस्टमध्ये संपतंय, पण ते होईलच.' माझी नजर तिथेच अडकली. आमचंही 'होईलच' होतं.

हॉटेलं, थंडी, बायसनपासून किती लांब थांबायचं हे बाकीचे सांगतील. मी फक्त लायसन्सवर बोलते.

मी एच-१बीवर, नवरा एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. दोघांची लायसन्सं एकाच दिवशी संपत होती, कारण ती आय-९४च्या, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या नोंदीच्या, तारखेला बांधलेली. मी काय समजले, तर एक्स्टेन्शन मुदतीत फाइल केलं की पुढे २४० दिवस काम करता येतं, म्हणजे तोवर गाडीही चालवता येत असणार. इथेच माती खाल्ली. ते २४० दिवस नोकरीपुरते. कार्डावरची तारीख त्याने एक दिवसही पुढे सरकत नाही. काही राज्यं आय-७९७ची (अर्ज मिळाल्याची) पावती बघून तात्पुरती मुदतवाढ देतात, काही ठिकाणी मंजुरीचाच कागद लागतो. तुमच्या राज्यात काय ते आजच बघा.

आमच्या लायसन्स ऑफिसने (नाव घेत नाही, अजून तिथेच जावं लागतं) पावती ठेवून घेतली आणि म्हणाले, "व्हेरिफिकेशन चालू आहे, पत्र येईल." मी तीनदा गेले, तिसऱ्यांदा अर्धा दिवस रजा टाकून. खिडकीवरच्या बाईंनी तिन्ही वेळा तेच वाक्य ऐकवलं, एकदाही स्क्रीनकडे न बघता. ही पडताळणी केंद्र सरकारच्या, व्हिसा-स्थिती तपासणाऱ्या 'सॅव्ह' यंत्रणेतून होते आणि केस नंबर हातात असला तर ती कुठवर आली ते आपणच ऑनलाइन बघू शकतो, हे तिथे कुणी सांगितलं नाही. सहलीहून परतल्यावर ऑफिसातल्या एका मुलाकडून कळलं. नंबर मिळवून बघितलं, तर आम्ही निघायच्या नऊ दिवस आधीच उत्तर त्यांच्याकडे येऊन पडलेलं! आणि आम्ही पत्राची वाट बघतोय. गावाकडच्या तलाठ्याला उगीच नावं ठेवते मी.

सगळ्यात वाईट म्हणजे विमानतळावर काहीच अडत नाही. देशांतर्गत विमानात भारतीय पासपोर्ट चालतो, त्यामुळे आम्ही मजेत रॅपिड सिटीला उतरलो. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर पोरगा म्हणाला, "हे कार्ड एक्सपायर झालंय." मी पावती दाखवली, २४० दिवसांचं प्रवचन दिलं. नवऱ्याने पाकिटातून पुण्याच्या आरटीओचं लायसन्स काढलं, तर तेही दोन वर्षांपूर्वी संपलेलं. मागे रांग वाढत होती. त्या पोराची काय चूक! चार दिवसांत चार राज्यांऐवजी एकच झालं. टूरच्या बसने माउंट रशमोर बघितला आणि बाकी वेळ हॉटेलच्या खोलीत भडंग खात काढला. पुढच्या केबिनचे पैसे गेले ते गेलेच.

आता सल्ला. मी वकील नाही, नियम राज्यागणिक वेगळे आणि बदलते, तेव्हा तुमच्या कंपनीच्या वकिलाला विचाराच. एक्स्टेन्शन साध्या रांगेत असेल तर एचआरच्या मागे लागून प्रीमियम (जादा फी भरून जलद रांग) करून घ्या, १५ कामकाजी दिवसांत काहीतरी हालचाल होते. पुढच्या खेपेला मुदत संपायच्या सहा महिने आधी फाइल करता येतं, तेव्हा आत्तासारखं शेवटाला नेऊ नका. खिडकीवरून केस नंबर घेतल्याशिवाय हलायचं नाही, भले बाई वैतागोत. आणि तोवर सगळी बुकिंग पैसे परत मिळणारीच. मित्राच्या नावावर गाडी घेऊन मधेमधे आपण चालवायची, कोण बघतंय, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. अपघात झाला आणि विम्याने हात वर केले की भटकंतीची हौस फार महागात पडेल.

अलास्काला गाडीने जायचा विचार असेल तर त्याचंही असंच. वाटेत कॅनडा आहे, भारतीय पासपोर्टवर त्यांचा व्हिसा लागतो. पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा-स्टॅम्प संपलेला असला तरी ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा फेरीहून परत येता येतं खरं, पण त्यासाठी आय-९४ चालू लागतो. तुमचा संपत आलाय. सिअ‍ॅटलहून अँकरेजचं विमान घ्या आणि मोकळे व्हा.

मूळ प्रश्नाचं उत्तर: रॅपिड सिटी. आम्ही पुढच्या जूनमध्ये तिथूनच केलं. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर दोन तासांच्या आत येतो, पुढे हुलेटवरून अल्झाडा, की लागलं मोंटाना. अल्झाडात पाच मिनिटं थांबून मोंटाना 'झालं' म्हणायचं की नाही यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माझा नियम एक जेवण आणि एक रात्र, नवऱ्याचा नियम एक बाथरूम.

फक्त नॉर्थ डकोटा या फेरीत घेऊ नका. तिथल्या फार्गोच्या व्हिजिटर सेंटरमध्ये, ज्यांचं ते शेवटचं राज्य असतं त्यांना टीशर्ट आणि प्रमाणपत्र देतात. आम्हाला हे नॉर्थ डकोटातल्याच मेडोराला मुक्काम ठोकल्यावर कळलं, तेव्हा आमचं ते ४१वं होतं.