गाव वाचवतं, पण वेशीवर आधी विचारतं

तुम्ही विचारलंय, उद्या मोठं संकट आलं आणि शहरात सगळं ठप्प झालं, तर गाव गाठावं का? मी नागपूरचा. एकदा गाठलं होतं, म्हणून सांगतो.

२०२० मध्ये कोरोनाचं लॉकडाऊन जाहीर झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, पाडवा होता. पहाटेच गाडी काढून काटोल तालुक्यातल्या आमच्या गावी पोचलो. घराघरावर गुढ्या, अन् वेशीवर आडवी लावलेली बैलबंडी, वर बोरीच्या काट्या. राखणीला चुलतभाऊच. म्हणे, "दादा, घरी नको जाऊ. शाळेत राय चौदा दिवस, मंग ये." तेव्हा राग आला होता. बरोबर होतं त्याचं.

मोठी आई, म्हणजे मोठी काकू, रोज डबा शाळेच्या भिंतीवर ठेवायची, वीस पावलं मागे सरायची आणि माझा शेवटचा घास होईपर्यंत पदर तोंडाला लावून उभी राहायची. पहिल्या दिवशी पुरणाची पोळी होती.

खाण्याची ददात नव्हती. गहू-हरभरा नुकताच निघालेला, तूर घरात. पण गाव स्वयंपूर्ण वगैरे काही नसतं हो! तेल, मीठ, काकांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं काटोलहून यायचं. गहू पोतंभर असला तरी चक्की विजेवरच चालते. मृग बहाराची, म्हणजे तेव्हाच तोडणीला येणारी, संत्री झाडावर, आणि आगाऊ इसार देऊन गेलेला व्यापारी फोन उचलेना. शेवटी गाईंपुढे टाकली.

आणि गाववाले जे सांगत नाहीत तेही सांगतो. संत्रातोडीला आलेली बाहेरगावची चार कुटुंबं वावराच्या कडेला अडकली होती. त्यांना ना शाळा, ना डबा. एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळू लागला, पण यांची कार्डं तिकडे गावी. गावातली पोरं त्यांना हँडपंपावरही येऊ देत नव्हती. मोठी आईच तिथं जाऊन उभी राहिली. "पानी काय तुह्या बापाचं हाय का?" मग पोरं बाजूला झाली.

म्हणजे मी आत गेलो तो चुलतभावामुळे, आणि वर्षानुवर्षं लग्नाला-मयतीला जात आलो म्हणून. तुमचं तसं कुणी नसेल तर वेशीवरूनच परत फिराल.

जाणारच असाल तर तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत ठेवा, आणि गावाच्या उपयोगाचं एखादं काम येऊ द्या. मला शेतीतलं काही येत नाही. मी लोकांचे रिचार्ज मारून द्यायचो, बँकेचे मेसेज वाचून दाखवायचो. महिनाभरात दारात कुणी ना कुणी दुधाचा गडवा ठेवून जाऊ लागलं.