अँटीडिप्रेसंट बंद केल्यावर डोक्यात करंट लागल्यासारखे झटके का बसतात? मेंदूत काही बिघडतं, की हा मनाचा खेळ आहे?

प्रश्नाचे शेवटचे शब्द वाचले आणि लिहायला बसले. मनाचा खेळ नाही. सहा वर्षांपूर्वी हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी व्हेनलाफॅक्सीन हे अँटीडिप्रेसंट घेत होते, ७५ मिलिग्रॅम. बरं वाटत होतं म्हणून डॉक्टरांनी दोन आठवडे ३७.५ वर ठेवलं आणि मग बंद. दुसऱ्याच दिवशी जिना उतरताना नजर डावीकडे वळवली आणि कवटीच्या आत काहीतरी चमकून गेलं, आवाजासकट. दुखत नाही, पण क्षणभर आपण जागेवर नसतो. मग डोळे फिरवले की झटका, मान वळवली की झटका. पुढे चक्कर, मळमळ, कारण नसताना रडू. डॉक्टर म्हणाले, आजार उलटलाय. दादा म्हणाला, "तुला गोळीची सवय लागलीये, जरा मन घट्ट कर." मन घट्ट करून अकरा दिवस काढले. शेवटी गोळी पुन्हा सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झटके गायब. हीच गोळी डिप्रेशनवर लागू पडायला पाच आठवडे लागले होते. आजार उलटला असता तर तो एका दिवसात गेला असता का? आणि माझ्या आजारात झटके कधी नव्हतेच.

आता मेंदूचं. सेरोटोनिन म्हणजे मेंदूत निरोप पोहोचवणारं एक रसायन. गोळी ते परत शोषून घेणारे ट्रान्सपोर्टर अडवते, सेरोटोनिन वाढतं, आणि त्याला जुळवून घेत त्याचा निरोप घेणारे काही रिसेप्टर मंदावतात. गोळी थांबली की सेरोटोनिन लगेच उतरतं, रिसेप्टर मात्र पूर्ववत व्हायला वेळ घेतात. व्हेनलाफॅक्सीनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ५ तास, तिच्यापासून शरीरात बनणाऱ्या सक्रिय घटकाचं ११. फ्लुओक्सेटीन हे दुसरं अँटीडिप्रेसंट कित्येक दिवस रेंगाळतं, म्हणून तिथे त्रास सहसा कमी. झटक्यांचं नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही. तोल आणि डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूतल्या केंद्रांवरही सेरोटोनिनचा प्रभाव असतो, आणि नजर वळवताच झटका बसतो, त्यामुळे मला तरी हाच धागा पटतो. ही गोळी ज्यावर काम करते त्या दुसऱ्या रसायनाचा, नॉरॲड्रेनालिनचाही हात असावा.

खरी गोम डोसात आहे. ७५ मिलिग्रॅमलाच सुमारे ८० टक्के ट्रान्सपोर्टर अडलेले असतात. डोस निम्मा केला म्हणून ते निम्मे मोकळे होत नाहीत. सगळ्यात मोठी घसरण शेवटच्या पायरीवर, ३७.५ वरून शून्यावर येताना होते, आणि मला नेमकं तिथूनच ढकललं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी तीच पायरी आठ महिन्यांत उतरवली. डोस जितका कमी, तितकी पुढची घट लहान. एक-दोन झटके आले, बस.

डोस आणि अडलेले ट्रान्सपोर्टर यांचा आलेख मी दादाला कागदावर काढून दाखवला. तो म्हणाला, "पण तू तर रडत होतीस." हो, रडत होते. तेही त्याच घसरणीमुळे.

सगळ्यांना असं होत नाही, हेही सांगते. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं होती, नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना. दादा त्या १७ वर बोट ठेवेल. मी मधल्या फरकावर ठेवते. आणि आजार खरोखर उलटूही शकतो, त्यामुळे माझं वाचून स्वतःच गोळी कमी-जास्त करू नका. डॉक्टरांकडे जाताना झटके कोणत्या तारखेला सुरू झाले आणि शेवटची गोळी कधी घेतली, एवढं लिहून न्या. घरातलं कुणी "मन घट्ट कर" म्हणत असेल तर त्यांनाही बरोबर न्या.