मैत्रिणींबरोबर दोन दिवस जायचंय, पण घर सोडवत नाही

"मैत्रिणींनी दोन दिवस बाहेर जायचं ठरवलंय. घरातून कुणी नाही म्हणत नाही. तरी तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. आपण स्वार्थीपणा करतोय असं वाटायला लागतं. मग काहीतरी कारण काढून मीच रद्द करते आणि नंतर महिनाभर स्वतःवरच चिडते. असं का होतं?"

चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी जणी हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. मुख्य तक्रार म्हणून तो फारसा येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, डोकं जड असतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, असं सांगता सांगता कधीतरी सहलीचा विषय निघतो. वैशालीताईंचंही तसंच झालं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४६. पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं. कॉलेजच्या हॉस्टेलपासून जमलेल्या या चौघी मैत्रिणी. दर दिवाळीनंतर ग्रुपवर "यंदा जायचंच" असं ठरायचं, मग कुणाकडे लग्नकार्य, कुणाच्या मुलाची परीक्षा, की विषय बारगळायचा. या वेळी मात्र बाकी तिघींनी रजा टाकल्या होत्या, आणि वैशालीताई माझ्याकडे आल्या होत्या त्या "नाही कसं कळवू" हे विचारायला.

मी त्यांना एवढंच विचारलं, "तुम्ही दोन दिवस नसलात तर घरात काय काय अडेल?"

त्यांनी पर्समधून मोबाइल काढला. यादी तयारच होती. मी म्हटलं, मोठ्याने वाचा.

"शनिवार सकाळ. दुधाच्या दोन पिशव्या, आईंचं बिनसायीचं वेगळं. इन्सुलिन साडेसातला, नाश्ता आधी तयार हवा. सौरभला उठवणे, तीनदा. पाणी नऊपर्यंत, बादल्या भरणे. मावशी आल्या की आधी भांडी, मग फरशी. ओला कचरा खाली. संध्याकाळी आईंच्या गुडघ्याला तेल. रात्री दही लावणे. गॅसचा कॉक." अंगठा स्क्रीनवर सरकत होता, यादी संपत नव्हती. रविवार सकाळच्या पहिल्या ओळीवर त्या अडल्या. "आईंना विचारणे, झोप लागली का." आवाज भरून आला. "मॅडम, बाकी सगळं कुणीही करेल हो. हे कोण विचारणार?"

त्या यादीत दोन गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या होत्या. दूध, कचरा, दही, इन्सुलिन ही कामं आहेत. मोठं माणूस ती शिकू शकतं. सासूबाईंना झोपेचं विचारणं ही माया आहे. ती दोन दिवसांनी आटत नाही आणि दुसऱ्याकडे सोपवायचीही नसते. पण वर्षानुवर्षं दोन्ही एकाच हाताने होत आली, की काम खाली ठेवलं तरी माया काढून घेतल्यासारखं वाटतं. वैशालीताईंच्या पोटातला गोळा तिथला होता.

हे त्यांच्या एकटीच्या घरचं नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच चारांत एक होते. शिवाय दही लावायचं आहे हे दिवसभर डोक्यात वागवण्याचा वेळ असल्या मोजणीत सहसा येतच नाही.

वैशालीताईंचं म्हणणं होतं, "ही अपराधी भावना गेली की मी आनंदाने जाईन." ती घरी बसून जात नाही. प्रत्येक वेळी बेत रद्द केला की क्षणात हलकं वाटतं. छातीवरचा दगड उतरतो. त्या हलकेपणातूनच मन शिकतं की रद्द केलं ते बरंच केलं. पुढच्या वेळी गोळा आणखी लवकर येतो. टाळण्याने भीती वाढत जाते ती अशी, आणि अपराधी भावनेचंही तेच होतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही निघाल तेव्हा ती भावना गाडीत तुमच्या शेजारी असणार आहे. असू दे. बसायला जागा द्या. तिच्यासाठी गाडीतून उतरू मात्र नका.

सासूबाईंना सांगायची त्यांना सगळ्यात धास्ती होती. आधीच्या बेताच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." वैशालीताईंनी तो टोमणा धरला होता. असेलही. पण मी सुचवलं की एकदा त्यांच्याजवळ बसून खरंच विचारा, तुमच्या वेळी काय होतं?

पुढच्या भेटीत वैशालीताई वेगळ्याच उत्साहात सांगत होत्या. सासूबाई तासभर बोलल्या होत्या. श्रावणात माहेरी जायच्या. मंगळागौरीचं जागरण, झिम्मा-फुगड्या, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोप. उठवायला कुणी यायचं नाही. आई डोक्याला तेल घालायची. पंधरा दिवस कुणी "आज भाजी काय" असं विचारायचं नाही.

ही व्यवस्था होती, आणि तिला सगळ्या घरांची मान्यता होती. सासुरवाशिणीला दम खायला मिळावा म्हणून समाजाने हे एक दार उघडं ठेवलं होतं. सगळ्यांना ते सारखं मिळत होतं असं नाही, कितीतरी जणींना सणालाही धाडलं जायचं नाही. पण दार होतं. आज पंचेचाळिशीतल्या बाईचं माहेर कसं असतं? आई गेलेली असते, किंवा ऐंशीला टेकलेली. माहेरी गेलं तर तिची औषधं, डॉक्टर, बँकेची कामं. वैशालीताईंच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि माहेरच्या फ्लॅटला कुलूप होतं. मग या वयात विसावायला जायचं कुठे? मला मनापासून वाटतं की मैत्रिणी आता ती जागा भरून काढताहेत आणि त्याला चैन म्हणणं अन्याय आहे. सासूबाईंनी शेवटी विचारलं होतं, "तुमच्यात कुणाला झिम्मा येतो का गं?"

नवऱ्याला मी एकदा बोलावलं. गृहस्थ भला. "जा ना, मी कधी अडवलंय?" हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं आणि ते खरंच होतं. मी विचारलं, "आईंचं इन्सुलिन किती युनिट?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "फ्रिजमध्ये कुठे असतं?" पुन्हा बायकोकडे. "जा ना" म्हणणं सोपं असतं, कारण त्यामागचं सगळं आवरून जाणं जाणारीच्या गळ्यात असतं. दोन दिवस जाण्यासाठी आधी चार दिवस राबायचं, डबे भरायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि गाडीत बसेपर्यंत अंगातलं त्राण जायचं, हे मी फार बघते.

म्हणून सहलीआधी एका रविवारी रंगीत तालीम केली. वैशालीताई सकाळी सातला बहिणीकडे गेल्या, दुपारी तीनला परत. आधी स्वयंपाक करून ठेवायचा नाही, ही माझी अट. नवऱ्याने इन्सुलिन बरोबर दिलं आणि इडली आणायला खाली उतरले. दुकानात गर्दी. परत येईपर्यंत आईंना घाम फुटलेला, हात थरथरताहेत, म्हणजे साखर एकदम उतरलेली. यादीत लिहिलेलं त्यांना आठवलं. ताबडतोब साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासली, ती वर आली होती, मग खायला दिलं.

"बघा, म्हणूनच मी जात नाही," वैशालीताई म्हणाल्या. मी म्हटलं, मला तर उलटं दिसतंय. त्यांनी लक्षणं ओळखली, योग्य ते केलं आणि तुम्हाला फोन न करता निभावलं. तेव्हापासून ते ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिनचं पेन फ्रिजमधून काढत नाहीत. वाचून कळलेल्या गोष्टीपेक्षा हे पक्कं बसलं. (घरात इन्सुलिनवरचं माणूस असेल तर ही लक्षणं आणि उपाय घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवेत, सहल असो वा नसो. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन करायचा.)

आता मैत्रिणींकडे. तिथेही सगळं आलबेल नव्हतं. एकीला महाबळेश्वरचे सगळे पॉइंट, प्रतापगड आणि पाचगणीचं टेबललँड दोन दिवसांत बसवायचं होतं. दुसरी, शुभांगी, प्रत्येक बेताला "बघू गं" म्हणायची. ग्रुपवर तिची चेष्टा व्हायची. वैशालीताईंनाच माहीत होतं की तिच्या नवऱ्याचा धंदा बसलाय. मी सुचवलं, रिसॉर्टचे फोटो टाकण्याआधी प्रत्येकीला वेगळा फोन करून विचारा, किती खर्च जमेल? सगळ्यात कमी आकडा जिचा, त्यावर बेत आखा, आणि तो आकडा कुणाचा हे ग्रुपवर येऊ देऊ नका. "तुझे मी भरते" हे प्रेमाने म्हटलं तरी घेणारीला दोन दिवस ओझं वाटत राहतं.

दुसरं, शरीराचं आधी बोलून घ्या. पंचेचाळिशीनंतर कुणाची पाळी बेभरवशाची झालेली असते, कुणाला रात्री घाम येऊन जाग येते, कुणाचे गुडघे बोलतात. "खोलीत कमोड आहे का" हे विचारायला एकीला लाज वाटत होती. वैशालीताईंनी ग्रुपवर पहिला प्रश्न तोच टाकला. लगेच दोघींचे हुश्श म्हणत निरोप आले.

ठरलं ते वाई. गावाबाहेर साधं घरगुती राहणं, घरचं जेवण, चौघींना दोन खोल्या. स्वारगेटहून एसटी, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा प्रश्न शुभांगीसाठीही उरला नाही. आणि कुणी गाडी चालवायची, पेट्रोलचे कुणी द्यायचे, ही कटकट मिटली. दिवसाला एकच ठिकाण बघायचं, आणि वाटलं तर तेही रद्द. घरी रात्री नऊला एक फोन. एरवी अडचण आली तरच नवऱ्याने करायचा.

अपराधी भावना खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत जोरात होती, असं वैशालीताईंनी नंतर सांगितलं. फोन सतत हातात. साताठ वेळा घरी "जेवलात का सगळे" असं टाइप करून खोडलं. दुपारी जेवल्या, जरा आडव्या झाल्या, आणि साडेपाचला जाग आली. मैत्रिणींनी उठवलं नव्हतं. संध्याकाळी मेणवलीला गेल्या. कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, आणि देवळाजवळ टांगलेली ती प्रचंड घंटा. चौघींतली एक शाळेत इतिहास शिकवते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्यानंतर तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा, हे सांगता सांगता ती स्वतःच्या घटस्फोटाकडे कशी वळली ते कुणालाच कळलं नाही. अंधार पडेपर्यंत घाटाच्या पायऱ्यांवर बसून होत्या. दुसऱ्या दिवशी ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि बाकी काही पाहिलं नाही.

"चार तास झोपले हो, एवढ्या लांब जाऊन," त्या मला ओशाळून म्हणाल्या. मला त्या सहलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. घरी त्या दुपारी कधी आडव्या होत नव्हत्या.

परतीचाही विचार आधी करून ठेवा, तो बहुतेक जणींचा राहून जातो. रविवारी रात्री दहाला घरात शिरायचं, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, सोमवारी सकाळी सातपासून पुन्हा तेच. मग दोन दिवसांची विश्रांती एका तासात उतरते. वैशालीताई दुपारी चारला पोचल्या. रात्रीचं जेवण नवरा आणि सौरभ करणार हे आधीच ठरलं होतं. मुगाची खिचडी जरा पातळ झाली होती. त्यांनी ती तशीच खाल्ली, सुधारायला उठल्या नाहीत. हे मी त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलं होतं, आणि त्यांना ते सहलीला जाण्यापेक्षा जड गेलं. सकाळचं इन्सुलिन तेव्हापासून नवऱ्याकडेच आहे.

हे सगळं लिहिलं ते अशा घरांसाठी, जिथे कुणी अडवत नाही, पण पाय निघत नाही. काही घरांत चित्र वेगळं असतं. मैत्रिणींना भेटायलाही परवानगी लागते, फोन तपासला जातो, स्वतःच्या पगारातले पैसे मागून घ्यावे लागतात, बाहेर जाऊन आल्यावर दिवसचे दिवस अबोला किंवा त्याहून वाईट सोसावं लागतं. तिथे यादी आणि रंगीत तालीम उपयोगाची नाही, आणि चूक तुमच्या मनात शोधण्याचं कारणही नाही. अशा वेळी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.