रत्नागिरीत केबल चॅनेलवर उमेदवारांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. टीव्हीवरच्या कोणत्या अँकरची शैली उचलू?

करण थापर यांची तयारी उचला, अर्णब गोस्वामींचा आवाज नको. थापर कागद हातात ठेवून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. २००७ मध्ये २००२ च्या दंगलींवरून असंच विचारत राहिले, तेव्हा नरेंद्र मोदी तीनेक मिनिटांत मुलाखत सोडून उठले होते. गोस्वामींचा आरडाओरडा आठ चौकटींच्या चर्चेत खपतो, तिथे उत्तर हवंय कोणाला! (२०१४ मध्ये राहुल गांधींसमोर मात्र तेही बऱ्यापैकी शांत होते.) इथल्या केबलवर तीन निवडणुका हेच काम केलंय, त्यावरून सांगतो: "मुंबई-गोवा हायवे कधी पूर्ण होणार?" असं विचारलंत की गणपतीआधीची एखादी तारीख मिळते, संपलं. त्यापेक्षा मागच्या तारखेचं कात्रण मांडीवर ठेवा, वाचून दाखवा आणि गप्प बसा. ती दहा सेकंदं उमेदवाराला खायला उठतात, मग तो पाठ केलेलं सोडून बोलायला लागतो. फक्त पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसाला हा मारा झेपत नाही. त्याला 'माझा कट्टा'सारखं गप्पांत घ्या.