अपघाती वळण, सरळ रस्ता आणि वाकडी वाट

प्रश्न असा आला आहे: 'आमच्याकडच्या जुन्या रस्त्याला मध्येच एक विचित्र वळण आहे. आजूबाजूला सगळं सपाट, तरी रस्ता तिथं उगाच वाकतो. तिथं "अपघाती वळण" अशी पाटी लावली आहे. हा प्रयोग बरोबर का? आणि "वळण" हा शब्द मूळचा कुठला?'

ती पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. अपघाती मृत्यू म्हणजे अपघातानं आलेला मृत्यू. मग अपघाती वळण म्हणजे काय, रस्ता करताना चुकून पडलेलं? 'अपघाताचं ते अपघाती' असा बचाव करणारे भेटतात. करोत. त्यांनी मग निसरड्या जिन्याला पडीक जिना म्हणावं.

'वळण' तर सोपं आहे. संस्कृत 'वल्' म्हणजे वळणे, त्यावरून वलन, त्याचं वळण. वळसा आणि वळकटी त्याच घरातले. मुलांना लावायचं वळण आणि अक्षराचं वळण सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. कारण प्रश्नातला खरा शब्द 'वळण' नाहीच. तो आहे 'रस्ता'.

रस्ता फारसी. तिकडे 'रास्त' म्हणजे सरळ, खरा. आपल्या रास्त भावातला आणि रास्त मागणीतला रास्त तोच. त्यावरून 'रास्ता', म्हणजे ओळीनं दुकानं असलेला सरळ मार्ग. म्हणजे रस्ता जन्मानंच सरळ. वाकडा रस्ता ही मुळात वदतोव्याघाताची, म्हणजे स्वतःचंच बोलणं खोडणारी, जात.

इथं रथ्यापंथी उठून उभे राहतात: छे, संस्कृत 'रथ्या'वरून, म्हणजे रथाच्या वाटेवरून रस्ता! किती वेळा ऐकायचं हे? संस्कृत 'थ्य'चा प्राकृतात 'च्छ' होतो. मिथ्याचं मिच्छा झालं, तसं रथ्याचं रच्छा झालं. त्यात 'स्त' कुठून घुसला? शिवाय जुन्या वाटेनं आलेल्या शब्दांत मराठी 'स्त' टिकूच देत नाही. हस्तचा हात झाला, हस्तीचा हत्ती झाला, मस्तकाचा माथा झाला. एकट्या रस्त्याला सवलत का मिळावी? संस्कृत नातेवाईक हवाच असेल तर 'ऋजु', म्हणजे सरळ, घ्या. ऋजु आणि रास्त एकाच धातूच्या दोन घरांतली चुलत भावंडं आहेत. पण ते सांगितलं की रथ्यापंथीयांचा रस कमी होतो, कारण त्यात फारसीला पाहुणी नव्हे, घरची मानावं लागतं.

आता वाट. ही माझी लाडकी. संस्कृत 'वर्त्मन्', धातू 'वृत्', म्हणजे फिरणे. वर्त्मन्‌चा जुना अर्थ नुसता मार्ग नव्हे, चाक फिरून जमिनीत उमटलेली खूण. आपण जिला चाकोरी म्हणतो, नेमकी तीच. त्याचं प्राकृतात 'वट्ट', मराठीत 'वाट'. आणि त्याच 'वृत्'ची बाकीची प्रजा बघा: वृत्त, वर्तुळ, आवर्तन, आणि वर्तुलाचं झालेलं वाटोळं! वाट आणि वाटोळं सख्खी बहिणभावंडं. एखाद्याची वाट लागते आणि त्याचं वाटोळं होतं, दोन्हीचा अर्थ एकच निघतो, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. (यावर मित्र हसतात. हसू देत.)

काहींच्या मते आपली वाट म्हणजे संस्कृतातला 'वाट' शब्दच, कुंपण या अर्थाचा. कान देऊन ऐकलं असतं तर हे सुचलं नसतं. दोन स्वरांमधला एकटा 'ट' मराठीत येईपर्यंत 'ड' होतो. घोटकाचा घोडा झाला, आणि त्या कुंपणवाल्या वाटाचा झाला वाडा. 'ट' टिकतो तो जोडाक्षरातून आलेला, पट्टचा पाट झाला तसा. म्हणून वाट वट्टचीच.

तर रस्ता सरळ आणि वाट फिरती. भाषेला हे पक्कं आठवतं. आपण 'वाट वाकडी करून' कोणाकडे जातो. रस्ता वाकडा करून कोणी जात नाही.

हां, तुमचं वळण. ते रस्त्याचं नाहीच, रस्त्याखाली गाडलेल्या वाटेचं आहे. बैलगाडीची दोन चाकं एका आसावर ताठ बसवलेली, पुढं जुवाला बैलजोडी. तिला काटकोनात वळता येत नाही, ऐसपैस फेर धरावा लागतो. पावसात चाकोरी चिखलानं भरली की गाडीवान चाक तिच्या शेजारच्या कोरड्या कडेला घालतो. पुढच्या वर्षी तीच नवी चाकोरी, मग तिच्याही शेजारी आणखी एक. अशी वाट दरसाल हातभर बाहेर फुगत जाते. कधी मध्ये एखादी दलदल असते, कधी विहीर, कधी नुसता शेताचा बांध. बांधावरून वाट मागण्याची सोय तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 मध्येही आहे. बांध जिथं वळला तिथं वाट वळणार. पुढं विहीर बुजते, दलदल आटते, बांध नांगराखाली जातो, आणि कोणीतरी त्याच चाकोरीवर खडी आणि डांबर ओतून तिचा 'रस्ता' करतो. वळणाचं पाणी वळणावर जातं, ते असं.

गाडीला ते वळण कधी टोचलं नाही, कारण ती ताशी 4 किलोमीटरनं चालायची. तुम्ही तिथं 60 नं येता. वेग 15 पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा रेटा 225 पट होतो. म्हणजे विचित्र वळण नाही, वेग आहे.

पाटीचं राहिलंच. 'धोक्याचे वळण' लिहा. 'अपघाती वळण'पेक्षा एक अक्षर कमी लागतं, रंगही वाचेल.